घरच्यांचं तू जाणतोसच

बाबा, तुम्हाला मातीत ठेवून घरी आलो त्या दुपारी आमच्या सगळ्यांच्या जिभा पोळल्या.

शेजाऱ्यांनी वरणभात पाठवला होता. पाळकसाहेबांनी दोन वाक्यांत प्रार्थना उरकली, आमेन म्हटलं आणि घास उचलला. आम्ही आपले डोळे मिटून बसलेलोच. आई, तुमचे धाकटे भाऊ नामदेवकाका, मी आणि माझा दानियल. पुढचं येईल म्हणून थांबलो होतो. पुढचं काही नव्हतंच. शेवटी दानियलनं घास तोंडात घातला आणि ओरडला, "आई वं, गरम हाय!" आजोबांच्या घरी गरम भात मिळू शकतो हे त्या पोराला ठाऊकच नव्हतं. त्यावर आई हसली, आणि हसता हसता जी रडायला लागली ती थांबेचना. मग आम्हीही रडलो. तोंडात पोळता घास असला की माणसाला धड रडतासुद्धा येत नाही, सांगून ठेवते.

आता तुम्ही गेलात, तर मी गोड गोड लिहावं अशी रीत आहे. येणारा-जाणारा ते काम करतोच आहे. देवमाणूस होता, देवमाणूस होता, ऐकून ऐकून माझे कान किटले. देवमाणसाच्या घरी एकदा जेवायला बसून पाहा म्हणावं! मी तुमची थोरली लेक आहे, मी चिडलेली आहे, आणि तुम्ही मातीखाली जाऊन पडलात म्हणून माझा राग काही मावळलेला नाही.

तुमची ती जेवणाआधीची प्रार्थना! सुरुवात मोठी झोकात व्हायची, अगदी मिशनच्या शाळेतली मराठी. "हे परमकृपाळू स्वर्गीय पित्या, तुझा हा अयोग्य दास नम्रपणे तुझ्या चरणांशी येत आहे." इथवर ठीक. मग तुम्ही दवाखान्यात शिरायचात आणि भाषा सायकलवरून खाली उतरायची. "तो आपला किसन हाय ना बापा, चिंचेजवळचा, तो दुसरा नव्हे, लंगडा, त्याच्या टाचेतला नारू आज बोटभर निघाला. उद्या तुटू देऊ नको. आन् रहीमभाईची बायको, तिले खोकला सुटते. घर तुले माहीतच हाय, सायकलच्या दुकानामागं, निळं दार." देवाला पत्ता सांगायचात तुम्ही! लहानपणी मी आईला विचारलं होतं, देवाले रस्ता सापडत नाही का वं? आई म्हणाली, गप बस, भाकर वाळून राह्यली.

भाकर वाळायची, वरणावर पापुद्रा धरायचा. एकदा तर मांजरीनं तुमच्या ताटातली सुकट उचलून नेली. आम्ही सगळ्यांनी पाहिलं, पण कोणी हूं की चूं केलं नाही, कारण मग प्रार्थनेत डोळे उघडे होते हे कबूल करावं लागलं असतं. तुम्ही आमेन म्हणून ताटाकडं पाहिलंत, मग आमच्याकडं पाहिलंत, आणि म्हणालात, "भुकेल्याले देल्लं त्यानं." आणि कोरडी भाकर खाऊन उठलात. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

तुमचं काम मिशनच्या दवाखान्यात जखमा धुण्याचं आणि पट्ट्या बांधण्याचं. ड्रेसर म्हणायचे. दवाखाना संध्याकाळी बंद व्हायचा, तुम्ही व्हायचा नाहीत. सायकलमागं औषधाची पेटी आवळायची आणि निघायचं, केळापूरकडची गावं, तांडे, कोलाम आदिवासींच्या वस्त्या, म्हणजे पोडं. पायऱ्या उतरून विहिरीचं पाणी भरणारी सगळी गावं, त्यामुळं नारू घरोघर. पायातून पांढऱ्या दोऱ्यासारखा तो किडा डोकं काढायचा आणि तुम्ही तो काडीला गुंडाळायचात. आज एक वेढा, उद्या अर्धा. ओढला की तुटतो, आणि तुटला की पाय सुजून माणूस आडवा. म्हणून त्या एका वेढ्यासाठी रोज जायचं, चिखल असो नाहीतर मे महिन्याचं ऊन. ही तुमची चिकाटी मी मानते, बाबा. पट्टी बांधायला तुम्हीच मला शिकवलंत, आणि आजही सासरी दारव्ह्याला आमच्या गल्लीत कोणाचं बोट कापलं की बायका माझ्याच दारात येतात. ते श्रेय तुमचं. घेऊन टाका.

पण पट्ट्यांना कापड कुठून यायचं, ते बोलू का? दवाखान्यातलं संपलं की तुमचा हात आमच्या दोरीवर. तुमची धोतरं गेली, माझे परकर गेले, आणि एकदा आईचं लुगडं गेलं. जुनं नव्हे, चांगलं, रविवारच्या उपासनेला नेसायचं. धुऊन वाळत घातलं होतं, तुम्हाला विटकं वाटलं म्हणे! पुढच्या रविवारी आई घरातल्याच लुगड्यावर देवळात बसली, आणि तिच्यासमोरच्या बाकावर एक माणूस आईच्या लुगड्याच्या काठाची पट्टी पायाला बांधून बसलेला. आई उपासनाभर त्या पायाकडं बघत होती. घरी आल्यावर म्हणाली, "काठ तरी ठेवायचा होता." तुम्ही म्हणालात, "काठामुळंच पट्टी घट्ट बसते." याला काय म्हणायचं!

आणि प्रार्थनेत एकदा आलेलं नाव कधी निघायचं नाही. माणूस बरा होऊन शेतात नांगर धरायला लागला तरी आमच्या ताटावर तो आजारीच. का, तर "तब्येतीचा काय भरोसा, बाई." नामदेवकाकांचंच घ्या. तुम्ही ख्रिस्ती झालात तेव्हा काका तुमच्यावर रुसले होते. मग छप्पन साली काका नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, तेव्हा आता तुम्ही रुसाल असं सगळ्यांना वाटलं. तुम्ही त्यांना कवेत घेतलंत. "ताठ चालून राह्यला माहा भाऊ," म्हणालात. काका खूश. मग जेवायला बसलो आणि प्रार्थनेत काकांचं नाव आलं. काका ताटावरच भडकले, "दादा, माहं नाव कायले घेता? मी आता बुद्धाचा." तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "नामदेवा, मी तुह्याशी बोलून राह्यलो का? मंधात बोलू नको." तरी काका दर रविवारी जेवायला येत राहिले, आणि आपलं नाव कोणाच्या मागं येतं याच्यावर बारीक लक्ष ठेवायला लागले. एकदा रहीमभाईच्या बायकोच्या मागं आलं, तर पुढच्या रविवारी तोंड फुगवून बसले.

तरी तुम्ही धर्माच्या बाबतीत ढिले होतात असं कोणी समजू नये. शेजारच्या पूजेचा शिरा मी लहानपणी खाल्ला तर तुम्ही माझ्याशी दिवसभर अबोला धरलात. जत्रेतला पेढा कोणी हातावर ठेवला तर मान लववून घ्यायचात आणि वळणापलीकडं गेलात की पहिल्या बकरीला घालायचात. सगळं गाव तुम्हाला दादाच म्हणायचं; गावातल्या बकऱ्या या दादाच्या सायकलमागं काहून धावतात, हे पेढे देणाऱ्यांना कधी कळलं नाही.

असो. मुद्द्याचं सांगते. एवढं सगळं गाव देवासमोरून नेऊन झालं की आमची पाळी यायची. तेव्हा तुम्ही दम घ्यायचात आणि म्हणायचात, "आन् घरच्यांचं तू जाणतोसच. आमेन."

झालं! किसनच्या टाचेसाठी एवढं मोठं बोलणं, आणि आम्हाला एक 'जाणतोसच'. सुवार्ता हे नाव तुम्हीच ठेवलंत ना मला? बाप्तिस्म्याच्या दिवशी भर मंडळीत मोठ्यानं उच्चारलंत म्हणे. मला ते कसं आठवणार? त्यानंतर तुमच्या तोंडून मी माझं नाव ऐकलंच नाही. मला हाक मारताना 'बाई', आणि देवाला सांगताना 'घरचे'. सातवीची परीक्षा होती तेव्हा मी कान देऊन बसले, आज तरी घेतील. लग्न ठरलं तेव्हा बसले. दारव्ह्याला सासरी निघाले त्या दुपारी तर मी डोळे उघडे ठेवून तुमच्या तोंडाकडं बघत होते, आणि तुम्ही कोणाच्या तरी म्हशीसाठी मागत होतात. म्हशीसाठी, बाबा! आईला बोलले तर ती म्हणाली, "त्यायले लाज वाटते, बाई. आपल्याच ताटावर बसून आपल्याच पोटाचं काय मागायचं, म्हणतात." लेकीचं नाव घ्यायला कसली आली लाज? मला तर वाटायचं, इतक्या लोकांच्या गर्दीत तुम्ही मला विसरूनच गेलात. अजून सांगते, त्यानं जीव तुटायचा.

दानियल तीन वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. त्याला मुदतीचा ताप आला. दारव्ह्याहून मोटारीनं त्याला मांडीवर घेऊन तुमच्याकडं आले, कारण दवाखाना तिथं आणि तुम्ही तिथं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आपल्या हाती आहे ते केलं, आता वाट पाहायची. पोरगं खाटेवर पडलेलं, डोळे अर्धे उघडे, आईची ओळख नाही. दुपारी आईनं मला बळेच पाटावर बसवलं. तुम्ही सुरू केलंत. किसन झाला, रहीमभाईची बायको झाली, काका झाले. तुम्ही दम घेतलात, आणि मी मधेच बोलले. "बाबा, आज नाव घ्या. दानियल म्हणा. एकदा म्हणा."

तुमचे डोळे मिटलेलेच होते. ओठ थरथरले. मला वाटलं, आता येतंय. आणि तुम्ही म्हणालात, "घरच्यांचं तू जाणतोसच."

मी ताट ढकललं. "तुमच्या देवाले किसनची टाच दिसते आन् माहं लेकरू दिसत नाही का?" एवढं मी बोलले आणि ते मी आजही परत घेत नाही. तुम्ही काय केलंत? उठलात, सायकल काढलीत आणि पोडाच्या रस्त्याला लागलात! नातू मरणाच्या दारात आणि आजोबा पट्ट्या बांधायला. दिवेलागण होऊन गेली तरी तुमचा पत्ता नव्हता. मी मनात म्हटलं, जा, जगाचे बाप व्हा.

दानियल वाचला. ताप उतरल्यावर तुम्ही त्याला खांद्यावर घेऊन अंगणभर नाचलात, औषधाच्या पेटीवर बसवून गावभर फिरवलंत, आणि त्याच्या खिशात इतका गूळ भरलात की मुंग्या लागल्या. आजोबा म्हणून तुमच्यात खोट काढायला जागा नाही. पण त्यानंतर मी माहेरी आले की चुलीपाशी बसून जेवायला लागले. तुमच्या पंगतीला बसले नाही. गेल्या नाताळात तुम्ही एकदा चुलीपाशी येऊन उकिडवे बसलात आणि म्हणालात, "बाई, तुह्या मनात काही हाय का?" मी म्हटलं, "तो जाणतोच." तुम्ही मान हलवलीत आणि उठून गेलात. आपलं शेवटचं भांडण ते. धड आवाजही चढला नाही कोणाचा. पुढच्या खेपेला नीट भांडू असं मी ठरवून ठेवलं होतं, बाबा, शब्द जुळवून ठेवले होते. आणि तुम्ही मरून मोकळे झालात. भांडण असं अर्धं टाकून कोणी जातं का?

आता पुढचं ऐका. मातीच्या दुसऱ्या दिवसापासून बाहेरगावची माणसं भेटायला यायला लागली. पहिले रहीमभाई आले, पांढरकवड्याहून. डोळे पुसले, आईजवळ थोडं बसले, आणि मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बेटी, कमर कैसी है अब?"

मला कळेना. "कोणाची कमर?"

"तुम्हारी. दारव्हे में पानी दूर से लाना पड़ता ना. और सास? अब सीधे मुँह बात करती है?"

माझा नवरा शेजारीच उभा! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हटलं, "चाचा, तुम्हाले हे कोणी सांगितलं?"

"दादा ने, और किसने? सायकल टेकवून दुकानात बसायचे, आँख मूँद के तुम्हारे लिए दुआ माँगते थे. मैं पंक्चर छोड़ के आमीन बोलता था."

मला रागच आला. माझी कंबर काय सायकलच्या दुकानात मांडायची वस्तू आहे? माझ्या सासूबाईंची कीर्ती गिऱ्हाइकांपुढं? नवरा दोन दिवस माझ्याशी जपून बोलत होता. मग तांड्यावरची माणसं आली, ती विचारतात, सातवीत पहिली आलेली ती तुम्हीच का. बाबा, अख्खा तालुका मला ओळखतो, आणि मी कोणालाच ओळखत नाही!

काल लच्छीबाई आली. पोडावरची कोलाम म्हातारी, पदरात चारोळ्या बांधून आणलेल्या. ओसरीवर बसली आणि दानियलला न्याहाळत म्हणाली, "हाच का थो दानेल?"

"तुम्ही ह्याले कसं ओळखता?"

"ओळखत नाई त काय! याच्याच पायी आमचं लाल कोंबडं गेलं."

मी तिच्याजवळ बसले. ती सांगायला लागली. "त्या दिशी दादा आला. सायकल तशीच आडवी टाकून देल्ली. पट्टी नाई, औषध नाई. खाली बसला आन् रडला, बाई, लहान लेकरावानी. म्हने, माहा दानेल जाऊन राह्यला. मी माह्या देवाले सांगून राह्यलो, तुमी बी सांगा. मंग आमच्या देवाची जे रीत हाय ते आमी केली. कोंबडं देल्लं."

"बाबांना माहीत होतं?"

"त्याच्या म्होरंच त देल्लं."

मी विचारलंच. "मग त्यांनी खाल्लं?"

"खाल्लं ना. नाई कसा म्हनन, त्याच्याच नातवासाठी होतं. हड्ड्या बी चोखल्या."

बाबा! शिऱ्याच्या एका घासासाठी मला दिवसभर अबोला, आणि तुम्ही? आत पाळकसाहेब आईजवळ बसले होते. मी उठून हळूच दार लोटून घेतलं. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि त्या दोघांपेक्षाही जास्त संताप आला होता. मला सांगायला काय झालं होतं? दातखीळ बसली होती का? 'बाई, मी पोडावर जाऊन रडलो,' एवढं एक वाक्य. किसनच्या टाचेवर तासभर बोलणाऱ्या माणसाला एवढं वाक्य जमू नये? मी एवढी वर्षं चुलीच्या धुरात बसून जेवले नसते. म्हणजे आमच्या ताटावर बसून तुम्ही त्यांचं मागत होतात, आणि त्यांच्या दारात बसून आमचं. कोणी शिकवली तुम्हाला ही उफराटी रीत? आणि शिकलात तर घरच्यांना नको सांगायला?

लच्छीबाई मात्र तुमच्या-माझ्या भांडणासाठी आली नव्हती. चारोळ्या माझ्या पदरात ओतून झाल्यावर म्हणाली, "दादा पट्टी बांधे, मंग डोये मिटे, आमाले बी मिटाले लावे. आता आमचं कोन सांगन? माह्या सुनेचे दिवस भरले. आंदीची दोन लेकरं गेली."

म्हटलं, "पाळकसाहेब आत आहेत. त्यांना सांगते."

"थो नको. त्याले आमचं पोड मालूम नाई. तू सांग."

मी कपाळावर हात मारून घेतला. मला येत नाही हो तुमच्यासारखं. मला दोन वाक्यांची प्रार्थना आवडते आणि गरम जेवण आवडतं. पण म्हातारीनं डोळे घट्ट मिटून हात जोडलेसुद्धा. आता काय करते? मीही मिटले. म्हटलं, "हे पित्या, ही लच्छीबाई, हिची सून..."

"तसं नाई," लच्छीबाई डोळे मिटूनच म्हणाली. "आंदी तुहं नाव घे. दादा तुह्यापासूनच सुरू करे."

मी तोंड उघडलं, बाबा, आणि माझं नाव मला घेता येईना. मग तिनंच घेतलं, तिच्या बोलीत बसेल तसं, वर लांब ऐकू जावं म्हणून मोठ्यानं.

"सुवारता."